न हसणाऱ्यांचा शोध

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत मुस्लिम जग ‘समजून घेण्याची’ घाई उडाली. त्या घाईचे विडंबन म्हणजे अल्बर्ट ब्रुक्सचा ‘लुकिंग फॉर कॉमेडी इन द मुस्लिम वर्ल्ड’ हा चित्रपट. त्यात ब्रुक्स स्वतःचीच भूमिका करतो. मुसलमान कशाला हसतात, याचा ५०० पानी अहवाल लिहिण्यासाठी सरकार त्याला भारत व पाकिस्तानात पाठवते.

नवी दिल्लीतील त्याच्या कार्यक्रमात कोणीही हसत नाही. या लोकांना विनोदबुद्धीच नाही, हा निष्कर्ष सोयीचा ठरला असता. दिग्दर्शक ब्रुक्स मात्र उपहासाचा रोख नायकाकडे वळवतो. हा नायक प्रेक्षकांकडून सूचना मागवतो आणि त्या एकेक करून बदलून टाकतो. बोलण्याच्या नादात त्याला समोरचा ताजमहालही दिसत नाही. ज्याला ऐकायचेच नाही, त्याने केलेले हे सर्वेक्षण आहे.

पडद्याबाहेरचा इतिहास अधिक बोलका आहे. शीर्षकातील ‘मुस्लिम’ या शब्दाला बिचकून सोनीने वितरण नाकारले. हाच चित्रपट डिसेंबर २००५ मध्ये दुबईच्या महोत्सवात दाखवला गेला आणि जानेवारी २००६ मध्ये वॉर्नर इंडिपेंडंटने तो अमेरिकेत आणला. मुसलमानांच्या वतीने रागावण्याचे काम एका अमेरिकी कंपनीने आगाऊच उरकले होते.

एक उणीव मात्र राहते: मुसलमानांना स्वतःचा विनोद सांगण्याची संधी हा चित्रपटही फारशी देत नाही. दुसऱ्याला विनोद कळत नाही असे म्हणण्यापूर्वी त्याचा विनोद ऐकावा लागतो.