बोट आली, पण हँडल कोणाच्या हातात?

मंडळी, जून जवळ आला की तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत विचारलं जातं, "बोट आहे का?" ती चालवणार कोण, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन अमेरिकेत मिलवॉकीला ओले एविनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये बाजारात आणलं. ताकद दीड अश्वशक्ती, वजन साधारण २८ किलो. एकट्याने उचलावं, होडीला कसावं आणि निघावं! आपल्या देशात १९८० नंतर केरळच्या कोळ्यांनी हे इंजिन पारंपरिक होड्यांना लावलं. पुढे तेच इंजिन पुरातल्या बचावाच्या रबरी बोटीवर आलं.

आता ते चालतं कसं? लहान इंजिनाला स्टिअरिंग चाक नसतं, दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. गाडीची सवय असलेला माणूस पहिल्यांदा इथेच फसतो. दुसरं म्हणजे इंजिनाला वेगळं सुकाणू नसतं. पंखा पाणी ढकलतो त्याच जोरावर बोट वळते. घाबरून रेस पूर्ण सोडली की वळणंही जवळपास गेलं, मग प्रवाह नेईल तिकडे. तिसरी गोष्ट, वळताना बोटीची शेपटी बाहेर फेकली जाते. पाण्यातला माणूस उजवीकडे असेल तर तोंड उजवीकडेच वळवायचं, म्हणजे पंखा त्याच्यापासून लांब जातो. आणि त्याला वर घेताना इंजिन बंदच हवं.

ट्रिम म्हणजे इंजिनाचा कल. पाय बोटीकडे आत घेतला की नाक खाली बसतं, बाहेर काढला की नाक वर उठतं. फार बाहेर काढला तर बोट उड्या मारते, पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. मोठ्या इंजिनांना यासाठी बटण असतं. लहानांना खिळ असते, ती इंजिन बंद करून हाताने बदलायची. उथळ पाण्यात पाय वर उचलावाच लागतो, नाहीतर बांध, तारेचं कुंपण, झाडाची फांदी, काहीही पंख्यात येतं. आपल्याकडचा पूर म्हणजे भातखाचरांवर चढलेलं असलंच पाणी.

२७ जुलै २०१९ आठवतो? उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप निघाले, कारण एनडीआरएफ, नौदल अशी शिकलेली माणसं तिथे पोचली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट कृष्णेच्या पुरात उलटली. डझनाहून जास्त माणसं गेली. बोट दोन्हीकडे होती. बोटीत किती जण घ्यायचे, कोणाला कुठे बसवायचं, हे वेळेवर ठरवणारा माणूस तिच्याइतकाच महत्त्वाचा असतो.

भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला. शहापूर-मुरबाडचं पाणी खाली कल्याणपर्यंत पोचतं. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, पुढे भातसा. मुंबईची तहान आपल्या अंगणातून भागते. मुरबाडमध्ये बारवी आहे. एवढं पाणी उशाशी असताना बचाव पथक बाहेरून येईपर्यंत थांबायचं का? रस्ताच पाण्याखाली गेला तर ते येणार कसं?

केंद्राची 'आपदा मित्र' योजना २०१६ पासून आहे. धरणकाठच्या पाड्यांवरची, होडीवर वाढलेली पोरं त्यात घ्या. प्रवाह कळणं हे अर्धं काम, ते त्यांना येतंच. दांडा, ट्रिम आणि मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी शिकवायला काही दिवस पुरतील. सराव मात्र धरणाच्या शांत पाण्यात, मे महिन्यात व्हायला हवा.

आपल्या ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये यंदा एवढंच विचारा, साहेब, बोट चालवणाऱ्यांची यादी दाखवता का? आणि उत्तर काय मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.