जुळ्यांची ताटातूट

इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु काचपात्रांतील विद्रावांत लढली गेलेली एक लढाई शंभर वर्षांहून अधिक काळ चालली, हे फारसे कोणास ठाऊक नसते. विरल मृत्तिका या वर्गातील धातू परस्परांपासून विलग करण्याची ही लढाई होय.

स्वीडिश रसायनज्ञ मोसांडर याने १८४१ साली एका नव्या द्रव्यास डिडिमियम, म्हणजे ‘जुळे’, असे नाव दिले. लँथॅनमचे ते जुळे भावंड, एवढाच त्याचा आशय. पण नाव निराळ्याच अर्थाने खरे ठरले. ऑस्ट्रियाच्या आउअर फोन वेल्सबाख याने त्याचे क्षार विरघळवून पुनःपुन्हा स्फटिक पाडले, आणि १८८५ साली एका नावाखाली नांदणारे दोन धातू प्रकट झाले : हिरव्या क्षारांचा प्रासिओडिमियम व गुलाबी-जांभळ्या क्षारांचा निओडिमियम.

हे काम इतके बिकट का? पाण्यात हे धातू बहुधा तीन धन भारांचे आयन होऊन वावरतात. साऱ्यांचे वर्तन जवळजवळ सारखे. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाचा आकार तेवढा किंचित आक्रसत जातो. या तिळाएवढ्या फरकावर भिस्त ठेवून अमेरिकेत चार्ल्स जेम्स याने १९११ च्या सुमारास शुद्ध थुलियमसाठी सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केले. आम्ही पेशाने कारकून. एकच टिपण तिसऱ्यांदा लिहावे लागले तरी आमचा धीर सुटतो!

दुसऱ्या महायुद्धातील अणुसंशोधनाने नवी वाट दाखविली. राळेच्या स्तंभात आयन धरून ठेवावयाचे आणि वरून सायट्रेटचा विद्राव सोडावयाचा. लहान आयन सायट्रेटला अधिक घट्ट बिलगतात व आधी खाली उतरतात. १९४७ साली ही रीत प्रसिद्ध झाली आणि वर्षांचे काम आठवड्यांवर आले.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. त्रावणकोरच्या वाळूतील मोनाझाइट १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाने हेरले. गॅसबत्तीच्या जाळीस लागणाऱ्या थोरियमसाठी ती वाळू परदेशी जाऊ लागली. १९५२ साली केरळातील आळवे येथे कारखाना उघडला, तेव्हा कुठे ती आपल्या भूमीवर विरघळू लागली.

आज निओडिमियमच्या चुंबकांवर विजेच्या मोटारी व पवनचक्क्या चालतात, आणि राष्ट्राराष्ट्रांत त्यासाठी चढाओढ आहे. किनाऱ्यावरील वाळू ही निसर्गाची हुंडी खरी. पण ती वटते विलगीकरणाची विद्या असलेल्याच्याच पेढीवर.