एका फेरीत किती रुमाल?

2025 च्या जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि कागद चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या जमातीतले चाचा मला म्हणाले, “बेटा, तू कॉम्प्युटरवाला. मशीद, कब्रस्तान, दर्ग्याचं इनाम, सगळे कागद एकदा लावून दे.” त्यांच्या पिशवीत नऊ सातबारे होते. प्रत्येकावर नावांशेजारी वर्तुळात आकडे, म्हणजे फेरफार क्रमांक. जमीन या नावावर कशी आली हे सातबारा सांगत नाही. तो फक्त क्रमांक दाखवून दुसऱ्या वहीकडे पाठवतो. चाचा एका वेळी एक फेरफार मागत, तो मिळाला की पुढच्यासाठी पुन्हा एस.टी. धरत. दोन महिन्यांत सात नकला हाती आल्या होत्या.

आमच्या धंद्यात या हेलपाट्यांना नाव आहे, ‘एन अधिक एक’. प्रोग्रामर सहसा डेटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये ओआरएम नावाचा दुभाष्या असतो. तक्त्यातल्या ओळी तो प्रोग्रामला समजतील अशा वस्तू करून देतो. 2004 साली आलेल्या रेल्सने आणि 2005 च्या जँगोने हा दुभाष्या घरोघरी पोचवला. मात्र तो स्वभावाने आळशी आहे. गावातली 400 खाती मागा, तो 400 खाती आणतो. मग एकेका खात्याचे फेरफार विचारू लागलात की दरवेळी नव्याने डेटाबेसकडे धावतो. एक अधिक चारशे, म्हणजे 401 फेऱ्या. एका फेरीला पाच मिलिसेकंद धरले तरी पान उघडायला दोन सेकंद जातात. चाचांना एका फेरीला अख्खा दिवस लागत होता, एवढाच फरक.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही, आणि जुन्नरला तर तो फारच जुना आहे. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही उभी केली ती इथे. पुढे मलिक अंबरने काही काळ राजधानी पुन्हा इथेच आणली. साऱ्याची ठेकेदारी मोडून जमिनीच्या मगदुराप्रमाणे सारा ठरवायचा, ही त्याची व्यवस्था. अशी व्यवस्था नोंदींशिवाय चालत नाही आणि नोंदींना कागद लागतो. तो कागद जुन्नरचे मुसलमान कागदी बनवत. तागाच्या चिंध्या चुन्यात कुजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, ताव वाळले की खळ लावून दगडाने घोटायचे. पेशवाईच्या कारकुनांना जुन्नरी कागद चांगला ओळखीचा होता. मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून जे आज वाचले जाते, त्यात या कारागिरांच्या हातचे किती ताव असतील! त्यांची नावे मात्र त्यावर नाहीत.

पुण्यात हे कागद रुमालांत बांधले जात. पेशव्यांच्या दफ्तराचे रुमाल आजही पुराभिलेखागारात आहेत, सुमारे 39 हजार. पण मला मोह पडतो तो एकबेरीज दफ्तराचा. चालते दफ्तर रोजचे काम पाही. एकबेरीजकडे सगळीकडचे हिशेब येत आणि तिथले कारकून त्यांचे तर्जुमे आणि खतावण्या करून ठेवत. उर्दूत तर्जुमा म्हणजे भाषांतर, दफ्तरात मात्र वर्गवार गोषवारा. एका महालाचा जमाखर्च विचारला तर गावोगावचे रुमाल सोडायला नकोत. संबंधित नोंदी आधीच एकत्र आणलेल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त मोडली.

गावात जमीन ओळखली जाई ती थळाच्या नावाने, म्हणजे कुळाच्या नावाने. थळझाडा हा त्याचा कागद. इंग्रजी अमलात प्रिंगलची पाहणी फसली, मग 1836 च्या सुमारास इंदापुरापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांची पद्धत रुजली आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाला. 1903 च्या कायद्याने हक्कनोंद आली, 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण आणि गट नंबर. दरवेळी जुन्या ओळखीपासून नव्या ओळखीपर्यंत जाणारा एक पूल लागतो. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारा तक्ता हरवला तर अलीकडचे कागदही खरे आणि पलीकडचेही, तरी दावा उभा राहत नाही. कब्रस्तानांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. शेजारच्या आंबेगावात तर ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते जुने आंबेगावच घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.

ओआरएमच्या आळसावर दोन उपाय आहेत. पहिला जोडणीचा: दोन्ही तक्ते एकाच प्रश्नात मागायचे. पण एका गटाचे पाच सहधारक आणि बारा फेरफार असतील तर जोडणीतून 60 ओळी येतात, तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. आधी सगळे गट आणायचे, त्यांचे क्रमांक एका यादीत घ्यायचे, आणि ‘या यादीतले सगळे फेरफार द्या’ असे एकदाच विचारायचे; सहधारकांसाठी आणखी एकदा. तीन फेऱ्या, मग गट नऊ असोत की नऊशे. जोडणीला जँगोत पूर्वीपासून सिलेक्ट-रिलेटेड होते. प्रीफेच-रिलेटेड 2012 साली 1.4 आवृत्तीत आले. एकबेरीजच्या कारकुनाला यात नवल वाटले नसते.

चाचांसोबत मी हेच केले. मशिदीच्या ओसरीवर बसून नऊ सातबाऱ्यांवरचे वर्तुळातले आकडे एका कागदावर उतरवले. 31 भरले. तोच फेरफार अनेक गटांवर असल्यामुळे दुहेरी आकडे खोडल्यावर 17 उरले. चाचांकडच्या सात नकला वजा करून दहा. ते चढत्या क्रमाने लिहून एकच अर्ज केला. कारकुनाने यादी पाहिली आणि म्हणाला, “असं आणलं तर बरं पडतं, तीनच रजिस्टरं काढावी लागतील.” आठवड्याने नऊ नकला मिळाल्या. दहावा फेरफार इनामाच्या जमिनीचा, सगळ्यांत जुना. रजिस्टरचे ते पान जागेवर नव्हते. चाचा आता त्याच्या मागे आहेत.