खाल्ल्या मिठाचा हिशेब

मधुर भांडारकर यांचा 'कॉर्पोरेट' हा हिंदी चित्रपट ७ जुलै २००६ रोजी प्रदर्शित झाला. चारच दिवसांनी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि चित्रपटाविषयी बोलण्याची कोणाची मनःस्थिती राहिली नाही. पुढे श्रावण लागला, सणावारांच्या निमित्ताने माणसे एकमेकांकडे येऊ-जाऊ लागली, आणि आमच्या बडोद्यातील मराठी घरांतून या चित्रपटावर जो वाद रंगला तो आम्हांस अजून स्मरतो. चित्रपट थोर होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच घरात एकत्र बसून तो पाहिलेली माणसे दोन तटांत का विभागली गेली, हे तपासण्याजोगे आहे.

कथानक थोडक्यात असे. सेहगल आणि मारवा ही खाद्यपदार्थांच्या व्यवसायातील दोन प्रतिस्पर्धी घराणी. सेहगलांच्या कंपनीतील वरिष्ठ अधिकारी निशिगंधा दासगुप्ता (बिपाशा बसू) मारवांच्या एका अधिकाऱ्याला गाफील गाठून त्याच्या लॅपटॉपमधील गुपित पळवते. हे गुपित म्हणजे पुदिन्याच्या स्वादाच्या नव्या शीतपेयाची योजना. सेहगल ते पेय 'जस्ट चिल' या नावाने स्वतःच बाजारात आणतात. त्यात कीटकनाशकांचा अंश असल्याचे कळूनही माल विक्रीस जातो. बिंग फुटल्यावर, लवकरच सोडवून आणू या आश्वासनावर निशिगंधा सारा दोष आपल्या शिरावर घेते. पुढे राजकारण्यांच्या मध्यस्थीने दोन्ही मालकांत तडजोड होते. निशिगंधेचा प्रियकर आणि मालकाचा मेहुणा रितेश (के के मेनन) जिवाला मुकतो, आणि ती कोर्टकचेरीच्या फेऱ्यांत अडकून राहते.

यावर तीन मते आम्ही ऐकली. कारखान्यांत उमेदवारी करून वर चढलेल्या मंडळींना हे सारे अतिरंजित वाटले. कंपनीचा कारभार कागद, सह्या आणि बैठका यांवर चालतो, असल्या चोरट्या उद्योगांवर नव्हे, असे त्यांचे म्हणणे. नव्या बँकांत आणि विमा कंपन्यांत लागलेली तरुण मंडळी उलट सांगत की पडद्यावर दिसले ते कमीच आहे. तिसरा वाद निशिगंधेच्या त्यागाविषयीचा, आणि तोच सर्वांत कडाक्याचा. वडीलधारे म्हणत, पोरगी चुकली, पण खाल्ल्या मिठाला जागली. घरातील लेकीसुना विचारीत, मीठ नेमके कोणी कोणाचे खाल्ले?

पहिल्या दोन मतांचा निवाडा त्याच पावसाळ्यातील घटनांनी बराचसा केला. चित्रपट लागण्याच्या दोनच दिवस आधी, ५ जुलै रोजी, अमेरिकेत कोका-कोला कंपनीची गुपिते विकू पाहणाऱ्या तिघांना अटक झाली. त्यांत अटलांटा येथील मुख्य कार्यालयात सचिवपदी काम करणारी एक स्त्री होती. विक्रीस काढलेल्या मालात गोपनीय कागदपत्रे आणि बाजारात न आलेल्या एका नव्या पेयाचा नमुना होता. म्हणजे भांडारकरांची कल्पना हवेतली नव्हती. मात्र तिचा शेवट निराळा झाला. पेप्सीकडे मे महिन्यात आलेले पत्र त्या कंपनीने थेट कोका-कोलाच्या स्वाधीन केले, आणि पुढचा सापळा तेथील तपासयंत्रणेने रचला. त्या स्त्रीस २००७ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. प्रतिस्पर्ध्याचे चोरलेले गुपित प्रत्येक कंपनी डोळे मिटून घेतेच असे नाही, हे 'अतिरंजित' म्हणणाऱ्यांचे म्हणणे येथे खरे ठरते.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांच्या बारा नाममुद्रांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले होते. त्यावर शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २००४ मधील अहवालात तिने त्या निष्कर्षांना दुजोरा दिला. चित्रपटाच्या कथेला ही ताजी पार्श्वभूमी होती. प्रदर्शनानंतर महिना होतो न होतो तोच, २ ऑगस्ट २००६ रोजी, त्याच संस्थेने बारा राज्यांतून गोळा केलेल्या ५७ नमुन्यांचा दुसरा अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय मानक ब्युरोने ठरविलेल्या, परंतु अधिसूचित न झालेल्या मर्यादेच्या सरासरी २४ पट अंश सापडल्याचा त्यात दावा होता. कंपन्यांनी तो फेटाळला. केरळ सरकारने उत्पादन आणि विक्रीवर बंदी घातली, ती सप्टेंबरमध्ये तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला घरी वर्तमानपत्रातही तोच विषय भेटत होता.

राहिला तिसरा वाद. तो अटलांट्याला किंवा दिल्लीला सुटण्यासारखा नाही, कारण त्याची मुळे आमच्याच शहरात आहेत. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. सोमल आणि हिऱ्याची पूड ही त्या प्रकरणातील विषे. पैशाच्या मोबदल्यात रेसिडेन्सीतील बातम्या राजवाड्यात पोचविणारे नोकर चौकशीत उघडे पडले, आणि आरोपाचा रोख थेट मल्हारराव गायकवाडांवर गेला. १८७५ मध्ये नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव हेही होते. इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, हिंदी सभासदांनी मानला नाही. तीन विरुद्ध तीन असा निकाल लागल्यावर सरकारने विषाचा मुद्दा बाजूस ठेवून गैरकारभाराच्या कारणाने महाराजांना पदच्युत केले. पेय, विष, हेरगिरी आणि दुभंगलेले मत, सारे काही तेथे होते. त्या खटल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यांत महाराज असतात, रेसिडेंट असतो, लंडनहून आणलेले बॅलंटाइन वकील असतात. बातम्या वाहणाऱ्या रावजी हवालदाराची आणि नरसू जमादाराची बाजू मात्र कोणी सांगत नाही.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९०७ साली अलेंबिक आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा उभी राहिली, आणि दरबारी घरांतील मुले हळूहळू कचेरीतून कंपनीत गेली. जाताना त्यांनी निष्ठेचा संस्कार बरोबर नेला. दरबारच्या चाकरीत या निष्ठेला दुसरी बाजूही होती : चाकराच्या पश्चात त्याच्या घरच्यांची काही ना काही सोय होईल ही अपेक्षा. ती नेहमी पुरी झाली असे नाही, तरी ती बाळगण्यात कोणाला संकोच नव्हता. कंपनीच्या नेमणूकपत्रात असली अपेक्षा लिहिलेली नसते. निशिगंधेने दरबारी निष्ठा पाळली, पण तिचा मालक दरबारी नव्हता. आमच्या मते वडीलधारे तिच्यात आपले पूर्वज पाहत होते आणि लेकीसुना आपले उद्याचे दिवस, म्हणून दोघांनाही आपलेच खरे वाटत होते.

आमचे स्वतःचे मत त्या वेळी वडीलधाऱ्यांच्या बाजूचे होते. ते पुढे बदलले. जी निष्ठा एकाच बाजूने पाळावी लागते, तिचा गौरव करताना आपण नकळत मालकाचेच काम हलके करतो. नव्या पिढीला इमानाचा वारसा जरूर द्यावा. त्याबरोबर, दोन मालकांची दिलजमाई झाली त्या दिवशी तुरुंगातील निशिगंधेची आठवण कोणाला झाली, हेही तिला विचारू द्यावे, एवढेच आमचे सांगणे.