फाळक्यांचा कालिया

दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात बाळकृष्ण झाली ती त्यांचीच कन्या मंदाकिनी. त्याचा बराचसा भाग सुदैवाने उरला आहे. डोहातील झुंजीचे ते ट्रिकसीन आज मुलांना दाखवले, तर ती नागाला हसतील. म्हणून संगणकाने नवा नाग घालावा काय? अमेरिकेत जॉर्ज लुकास यांनी १९७७ च्या आपल्या ‘स्टार वॉर्स’मधील कित्येक दृश्ये १९९७ मध्ये संगणकाने बदलली, १९८८ साली हेच गृहस्थ तेथील संसदेपुढे जुन्या चित्रपटांतील फेरफारांविरुद्ध बोलले होते! त्यांनी निदान स्वतःचीच कृती बदलली. फाळक्यांची संमती कोण आणणार? फितीवरचे ओरखडे खुशाल पुसावेत. नागाला मात्र हात लावू नये. हसतील त्यांना हसू द्यावे.