टोलेडोचें गौडबंगाल



एखाद्या व्यवहाराचा उलगडा होईनासा झाला, म्हणजे 'यांत कांहीं तरी गौडबंगाल आहे' असें आपण सहज बोलून जातों. बोलतांना गौड व बंगाल हीं देशांचीं नांवें आहेत, हें आपल्या ध्यानांतहि नसतें. गौड देशाचे पाल राजे विक्रमशिलेसारख्या विद्यापीठाचे आश्रयदाते होते. परंतु मराठींत त्या देशाचें नांव उरलें, तें जादूटोण्याच्या अर्थानें. दूरच्या लोकांच्या विद्येला चेटूक समजण्याची ही खोड केवळ आपलीच आहे, असें मात्र नव्हे. मध्ययुगीन युरोपांत स्पेन देशांतील टोलेडो नगराच्या वांट्याला नेमकें हेंच आलें. 'टोलेडोची विद्या' म्हणजे जादू, असा अर्थ त्या काळच्या लॅटिन ग्रंथकारांत रूढ झाला होता. त्या नगराविषयींची दंतकथा काय होती, तिच्या मुळाशीं काय होतें आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

टोलेडो हें टेगस नदीनें तीन बाजूंनीं वेढलेल्या एका उंच खडकावर वसलें आहे. ग्रीक पुराणांतील महाबली हर्क्युलीस यानें तें स्थापिलें, तेथील खडकाखालीं त्यानें एक विस्तीर्ण गुहा खोदली आणि त्या गुहेंत तो शिष्यांना मंत्रविद्या शिकवीत असे, अशा कथा स्पेनमध्यें पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जात. प्रत्येक नव्या राजानें त्या वास्तूच्या दाराला आणखी एक कुलूप घालावें, असा म्हणे दंडक होता. शेवटचा गॉथ राजा रॉडरिक यानें लोभानें तीं कुलुपें तोडलीं. आंत त्याला अरब घोडेस्वारांचीं चित्रें दिसलीं. आणि लवकरच, ७११ सालीं, तसलेच घोडेस्वार समुद्र ओलांडून आले व त्याचें राज्य बुडालें!

नगराच्या उगमाशींच जादूची पाठशाळा बसविल्यावर तेथें विद्यार्थीहि हवेत. ते पुरविण्याचें काम उत्तरेकडील मठवाशांनीं केलें. तेराव्या शतकांतील सीझेरियस नांवाचा जर्मन साधु सांगतो कीं, बव्हेरिया व स्वाबिया प्रांतांतील कांहीं तरुण टोलेडोस पिशाच्चविद्या शिकत होते. भुतें दाखवाच, असा त्यांनीं हट्ट धरला, तेव्हां गुरूनें जमिनीवर रिंगण आंखून त्यांना आंत उभें केलें. भुतें आलीं, आणि मोहाला बळी पडलेल्या एका विद्यार्थ्यास रिंगणाबाहेर ओढून घेऊन गेलीं. फ्रान्समधील एका साधूनें तर उदार कलांसाठीं पॅरिस, कायद्यासाठीं बोलोन्या, वैद्यकासाठीं सालेर्नो आणि भुतांसाठीं टोलेडो, अशी विद्यार्थ्यांच्या प्रवासाची वांटणीच करून टाकली होती.

आतां दंतकथा बाजूस ठेवून इतिहासाकडे वळूं. १०८५ सालीं कॅस्टिलचा राजा सहावा आल्फॉन्सो यानें टोलेडो मुसलमानांकडून घेतलें. त्यापूर्वीं जवळजवळ पावणेचारशें वर्षें अरबी ही तेथील राज्यकारभाराची आणि विद्वत्तेची भाषा होती. सत्ता पालटली, परंतु माणसें व पुस्तकें बरीचशीं जागच्या जागीं राहिलीं. अरबी बोलणारे ख्रिस्ती, हिब्रू व अरबी दोन्ही जाणणारे यहुदी आणि मागें राहिलेले मुसलमान एकाच तटाच्या आंत नांदत होते. अरिस्टॉटल, टॉलेमी, गेलेन यांचे जे ग्रंथ लॅटिन युरोपास दुर्मिळ किंवा केवळ ऐकून ठाऊक होते, ते येथें अरबी वेषांत आढळत. शिवाय अरब पंडितांनीं स्वतः घातलेली भर होतीच.

बाराव्या शतकांत, आर्चबिशप रेमंड व त्याचा उत्तराधिकारी जॉन यांच्या काळीं, या ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरास आरंभ झाला. तें काम कसें चाले, याची साक्ष एका प्रस्तावनेंतच मिळते. इब्न सीना याचा आत्म्याविषयींचा ग्रंथ अवेन्दाउथ नांवाचा यहुदी पंडित आणि डोमिनिक गुंदिसाल्वी नांवाचा ख्रिस्ती धर्माधिकारी या दोघांनीं मिळून उतरविला. पहिल्यानें अरबीचा एकेक शब्द लोकांच्या बोलीभाषेंत सांगावा आणि दुसऱ्यानें तो लॅटिनमध्यें लिहावा, अशी ती रीत. दोन ग्रांथिक भाषांच्या मध्यें सांकव म्हणून उभी राहिली ती बाजारांतली बोली! टोलेडोच्या पाठशाळेंत रिंगणें आंखलीं जात नव्हतीं. एका मेजाशीं दोन धर्मांचीं माणसें शब्द जुळवीत बसत होतीं.

या मंडळींत अग्रेसर म्हणजे इटलींतील क्रेमोना गांवचा जेरार्ड. टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' हा ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्यें मिळेना, म्हणून त्याच्या ओढीनें तो टोलेडोस आला. ग्रंथ सांपडला, पण तो अरबींत. म्हणून हा गृहस्थ अरबी शिकला आणि ११८७ सालीं मृत्यु येईपर्यंत भाषांतराचें काम करीत राहिला. आपल्या भाषांतरांवर तो स्वतःचें नांव घालीत नसे. तें श्रेय दुसऱ्या कोणी लाटूं नये, म्हणून त्याच्या शिष्यांनीं मागाहून एक यादी केली. तींत सत्तरांहून अधिक ग्रंथ आहेत. इब्न सीनाचा वैद्यकावरील महाग्रंथ आणि अल्‌-ख्वारिझ्मीचें बीजगणित हीं त्यांतलींच. मॉर्ले येथील डॅनियल नांवाचा एक इंग्रज पॅरिसच्या आचार्यांना कंटाळून टोलेडोस गेला व तेथें त्यानें जेरार्डचें प्रवचन ऐकलें. परततांना त्यानें बरोबर नेलें तें ग्रंथांचें ओझें. भूत कांहीं नेलें नाहीं.

या ओझ्यांत आपल्या पूर्वजांचाहि वांटा होता. आल्फॉन्सोच्या विजयापूर्वींच, १०६८ सालीं, टोलेडोचा काजी साइद अल्‌-अंदलुसी यानें जगांतील राष्ट्रांच्या विद्याव्यासंगावर एक ग्रंथ लिहिला. विद्येची जोपासना केलेलीं आठ राष्ट्रें त्यानें निवडलीं आणि त्यांत पहिलें स्थान हिंदुस्थानास दिलें. जो देश त्यानें डोळ्यांनीं पाहिला नव्हता, त्याला मान देतांना त्याची लेखणी अडखळली नाहीं.

एका शब्दाचा प्रवास पाहिला, म्हणजे ही देवघेव स्पष्ट होते. आर्यभटादि ज्योतिष्यांनीं वर्तुळांतील ज्या रेषेला 'ज्या' अथवा 'जीवा' म्हटलें, तिला अरबांनीं 'जीबा' म्हटलें. अरबी लिपींत स्वर बहुधा लिहीत नाहींत. म्हणून पुढें तोच शब्द 'जैब' असा वाचला जाऊं लागला. जैब म्हणजे वस्त्राचा छातीजवळील घोळ. खिशाला 'जेब' म्हणतात, तो हाच शब्द. बाराव्या शतकांतील भाषांतरकारांनीं त्याचा अर्थ घेऊन लॅटिन शब्द घातला 'सायनस', आणि आमचीं मुलें आज शाळेंत 'साइन' म्हणून जें शिकतात, तें हेंच. धनुष्याची दोरी अशा रीतीनें वस्त्राच्या घडींतून युरोपास पोंचली! आपल्या 'शून्या'चेंहि तसेंच झालें. अरबींत 'सिफ्र' होऊन तें पश्चिमेकडे गेलें. आपल्या पंचतंत्राची अरबी आवृत्ति 'कलीला व दिम्ना' ही १२५१ सालीं टोलेडोंतच जन्मलेल्या दहाव्या आल्फॉन्सोसाठीं कॅस्टिलियन भाषेंत उतरली.

मग या परिश्रमांना जादू हें नांव कां पडलें? एक कारण असें कीं, धुरामागें थोडासा विस्तवहि होता. दहाव्या आल्फॉन्सोच्याच आश्रयानें १२५६ च्या सुमारास 'पिकाट्रिक्स' या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेला ताईत, ग्रह व मंत्र यांवरील अरबी ग्रंथ भाषांतरित झाला. ग्रहगणित व फलज्योतिष यांच्यामध्यें त्या काळीं भिंत नव्हती. ग्रहांच्या ज्या कोष्टकांवरून ग्रहण वर्तवावयाचें, त्यांवरूनच राजाची कुंडलीहि मांडावयाची.

परंतु खरें कारण याहून खोल आहे. फळ दिसतें आणि मुळें दिसत नाहींत, तेथें माणूस चमत्कार मानतो. दहाव्या शतकांत गर्बेर नांवाचा एक फ्रेंच भिक्षु स्पेनच्या ईशान्य भागांत राहून गणित शिकला आणि हिंदी अंकांच्या सोंगट्या मांडून फलकावर गणित करूं लागला. पुढें तो दुसरा सिल्व्हेस्टर या नांवानें पोप झाला; परंतु सव्वाशें वर्षांनंतरच्या एका इंग्रज इतिहासकारानें त्याला अरबांपासून चेटूक शिकलेला व गुरूचा ग्रंथ चोरून पळालेला ठरविलें. मायकेल स्कॉट यानें १२१७ सालीं टोलेडो येथें अल्‌-बित्रुजीच्या खगोलग्रंथाचें भाषांतर केलें. पुढें कवि डांटे यानें त्याला नरकांत, मान उलटी फिरविलेल्या मांत्रिकांच्या रांगेंत उभें केलें. ज्याचा अभ्यास करावयाचा, त्याचीच भीति बाळगावयाची, असा तो प्रकार होता.

या वृत्तीवर उत्तम भाष्य करणारी एक गोष्ट दॉन हुआन मान्वेल या स्पॅनिश सरदारानें १३३५ सालीं पुऱ्या केलेल्या कथासंग्रहांत आहे. सांतियागो येथील एक धर्माधिकारी टोलेडोच्या दॉन इल्यान नांवाच्या जादूगाराकडे विद्या मागावयास आला. 'शिकून मोठा झालास, कीं मला विसरशील,' अशी शंका गुरूनें काढली. शिष्यानें आणाभाका घेतल्या. गुरूनें दासीला रात्रीच्या जेवणासाठीं तित्तिर तयार ठेवावयास, पण आज्ञा होईपर्यंत न भाजावयास सांगितलें, आणि तो शिष्याला एका दगडी जिन्यानें इतका खोल घेऊन गेला कीं, डोक्यावरून टेगस नदी वाहत असावी असें वाटावें. तेथें असतांनाच बातम्या येऊं लागल्या. शिष्य बिशप झाला, कार्डिनल झाला, शेवटीं पोप झाला. प्रत्येक पायरीवर गुरूनें आपल्या मुलासाठीं एखादें पद मागितलें. प्रत्येक वेळीं तें शिष्याच्या नातलगाला गेलें. अखेरीस पोपनें गुरूला दटावलें, 'तूं पाखंडी व चेटक्या आहेस. तुला तुरुंगांत घालीन,' आणि परतीच्या वाटेसाठीं शिधासुद्धां दिला नाहीं. 'मग मला माझे तित्तिरच खाल्ले पाहिजेत,' असें म्हणून गुरूनें दासीला ते भाजावयास सांगितलें. तोंच पोप पुन्हा टोलेडोंतील तोच धर्माधिकारी झाला आणि लाजेनें मान खालीं घालून निघून गेला.

ही कथा मला त्या नगराच्या पुढील इतिहासाची छाया वाटते. फरक एवढाच कीं, इतिहासांत कोणी शिष्याला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून लाजविलें नाहीं. डांटेचें काव्य कॅस्टिलियन भाषेंत आणणारा एन्‌रिके द व्हिलेना हा १४३४ सालीं वारला, तेव्हां राजाज्ञेनें त्याचे ग्रंथ तपासून त्यांतील कित्येक जाळण्यांत आले. दृष्ट लागण्यावर त्यानें लिहिलें होतें हें खरें. पण मेजावर मांस कसें कापावें, यावरहि त्यानें तितक्याच आस्थेनें लिहिलें होतें! लोकांनीं मात्र त्याला सैतानाचा शिष्य ठरविलें. १४९२ सालीं यहुद्यांना स्पेनमधून हांकलण्यांत आलें. ज्यांच्या पूर्वजांनीं भाषांतरकारांना शब्द सांगितले, त्यांना टोलेडोंत थारा उरला नाहीं. आणि १५०० च्या सुमारास ग्रानाडाच्या चौकांत अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाचे तेवढे वगळण्यांत आले. ती होळी करविणारा कार्डिनल सिस्नेरोस हा टोलेडोचाच आर्चबिशप होता. ज्या पीठाच्या छायेखालीं साडेतीनशें वर्षांपूर्वीं अरबी ग्रंथांवर माणसें रात्री जागवीत होतीं, त्याच पीठावरून ही आज्ञा सुटली.

त्या गुहेचें काय झालें? १५४६ सालीं आर्चबिशप सिलिसेओ यानें ती धुंडाळण्यासाठीं माणसें आंत पाठविलीं. तीं भयभीत होऊन परत आलीं, असें सांगतात. पुढें संशोधकांनीं ती नीट तपासली, तेव्हां ती मंत्रशाळा नसून रोमन लोकांनीं बांधलेला पाण्याचा हौद असल्याचें दिसून आलें. डोंगरापलीकडून पाणी आणून तें नगराला पुरविण्यासाठीं कोणा अज्ञात गवंड्यांनीं ती कमान उभारली होती.

जादू आणि विद्या यांतील भेद यावरून ध्यानांत यावा. जादू ही एकट्याच्या मुठींत असते. विद्या ही शिकवितां येते, उसनी घेतां येते, एका भाषेंतून दुसरींत ओततां येते. टोलेडोच्या पंडितांनीं हें ओतण्याचें काम केलें, आणि त्यांचें पाणी प्यालेल्यांनीं त्यांना चेटक्ये म्हटलें. यापुढें 'गौडबंगाल' हा शब्द आपल्या तोंडीं आला, तर तो खुशाल वापरावा; फक्त त्या नांवाच्या देशांतहि कोणीं तरी दिव्यापाशीं बसून कांहीं शिकविलें होतें, एवढें स्मरण असूं द्यावें.