मर्सिडीजच्या पोटात ट्रॅक्सचं इंजिन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाकोल्याहून विद्यापीठाच्या कालिना संकुलाला वळसा घालून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सगळे सीएसटी रोड म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, हा रस्ता बोरीबंदरच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसशी काही नातं सांगत असेल. तसं नाही. ही अक्षरं ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ची. १९२८ साली अंधेरी ते ट्रॉम्बे अशी एक छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. रूळ गेले, आद्याक्षरं तेवढी राहिली. आज या रस्त्यावर मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, काचा, खुर्च्या, सगळं काही. या रस्त्याच्या आधाराने आमच्या वाकोल्यात, कालिन्यात आणि कुर्ल्यात गॅरेजवाल्यांच्या दोन-तीन पिढ्या जगल्या.

माझ्याकडे एक जुनी मर्सिडीज आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो. त्याचंही बरोबर आहे. मी नोकरदार माणूस. गाडी घेतली ती भंगाराच्या भावाहून थोडी जास्त किंमत देऊन, आणि उभी केली ती दर महिन्याला जमेल तेवढे पैसे घालून. एवढ्या पैशांत मर्सिडीज रस्त्यावर येते कशी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर मुंबई आणि पुण्याच्या औद्योगिक इतिहासात आहे.

सुरुवात कुर्ल्यापासून करू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही त्या काळची ऐटदार नावं. पुढे फियाटशी करार झाला, आणि तिथूनच आपली लाडकी प्रीमिअर पद्मिनी आली. त्याच सुमारास सरकारचं धोरण कडक होत होतं. १९४९ साली तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने ठरवलं की, ज्यांना इथे गाडी खरोखर बनवायची नाही, फक्त जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली बंद झाली. फोर्डही गेली.

कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या इथेच राहिल्या, आणि त्यांचे सुटे भाग येणं थांबलं. शेवरोलेचा पिस्टन तुटला तर डेट्रॉइटहून मागवणार कोण? परवाना कोण देणार? परकीय चलन कुठून आणणार? मग लेथवाला पुढे आला. तो बुश ओतून घ्यायचा, दुसऱ्या गाडीचा पिस्टन तासून बसवायचा, बोअर मोठा करायचा. पुढे १९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले. आठ सिलिंडरच्या अमेरिकन गाडीला पेट्रोल पाजणं श्रीमंतांनाही जड झालं. अशा कित्येक गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. बाहेरून इम्पाला आणि आवाज मालट्रकचा, अशी गाडी माझ्या वयाच्या पुष्कळांनी पाहिली असेल. लोक हसायचे. पण ती गाडी चालत होती, हे विसरून चालणार नाही.

आता माझ्या गाडीकडे येतो. ही मर्सिडीजची २४० डी. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२३. जर्मनीत १९७५ अखेरपासून १९८६च्या सुरुवातीपर्यंत ही मालिका निघाली आणि सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे त्या आल्या त्या आडवाटेने. काही वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या, काही परदेशातून कायमचे परतणाऱ्यांनी सोबत आणल्या. जगभर हिची ख्याती ऐषारामापेक्षा टिकाऊपणाची. अनेक देशांत ती वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावली. हिच्या पोटात ओएम ६१६ नावाचं चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं डिझेल इंजिन. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. पंप, नोझल, पाइप, सगळं डोळ्यांना दिसणारं आणि पान्याने उघडणारं.

आणि इथे पुणं मदतीला येतं. न. के. फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. पहिला कारखाना आपल्या गोरेगावात होता, नंतर तो आकुर्डीला गेला. या कंपनीने डेमलर-बेंझकडून ओएम ६१६ इंजिन बनवण्याचा परवाना मिळवला. १९८७ साली आलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आणि पाठोपाठच्या ट्रॅक्समध्ये हेच इंजिन बसलं. म्हणजे ज्या इंजिनावर जर्मनीतला डॉक्टर दवाखान्यात जात होता, त्याच घराण्यातलं इंजिन आपल्याकडे शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं आणि शिर्डीचे भाविक वाहत होतं. बजाज टेम्पोचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं.

गरिबाच्या मर्सिडीजचं गुपित ते हेच. रिंग-पिस्टन, नोझल, गॅस्केट अशा गोष्टींसाठी परदेशी दुकानाकडे बघावं लागत नाही. घराणं एक असल्यामुळे बरेच भाग जुळतात, काही थोड्या हातकामाने जुळवावे लागतात. ज्यांचं मूळ इंजिनच निकामी झालं, त्यांनी अख्खं ट्रॅक्सचं इंजिन उचलून बसवलं. माझ्या आधीच्या मालकानेही तेच केलं होतं.

ज्यांच्या मनात असा उद्योग असेल, त्यांना खर्चाचा क्रम सांगून ठेवतो. लोक आधी रंग काढतात आणि तिथेच पैसे संपतात. रंग सर्वांत शेवटी. आधी गाडी वर उचलून पत्रा बघावा. मुंबईची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला तळातून खातो. पायाखालच्या मॅट उचलाव्यात, दरवाजाखालच्या पट्ट्या टोकराव्यात. लांबी भरून लपवलेला गंज बोटाने ठोकला की बद्द आवाज करतो. पत्रा सडलेला असेल तर तिथला तुकडा कापून नवा जोडणं हाच उपाय. त्यानंतर ब्रेक, टायर, रेडिएटर, वायरिंग. मग इंजिन. मग कुशनवाला.

ज्ञानामुळे पैसा कसा वाचतो, याचं एक उदाहरण देतो. या डिझेल गाडीत इंजिन बंद करण्याचं काम निर्वात दाबावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतं. दरवाजांची कुलुपंही त्याच जाळ्यावर. कुठे तरी एखादी रबरी नळी चिरते, आणि किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन आपलं चालूच! अनोळखी मेकॅनिक पंप उघडायला निघतो, आणि पंप उघडणं म्हणजे मोठा खर्च. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांनी काय केलं? बॉनेट उघडून एकेक नळी बोटांनी दाबत गेले, चिरलेली सापडली, वीतभर नळी बदलली. ‘साहेब, पंपाला हात लावायचा नाही,’ एवढंच म्हणाले. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात मराठीत लिहिलेलं नाही.

बदल करायचे ते कोणते? माझा नियम सोपा आहे. जो बदल उद्या काढून टाकता येईल, तो करावा. जुन्या वायरिंगवर रिले टाकून दिव्यांचा उजेड वाढवावा, देशी बनावटीचा वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर बसवावा, खुर्च्यांना साधं चांगलं कापड लावावं. पत्रा कापून नवा आकार देण्याच्या फंदात पडू नये. काढलेला मूळ भाग पोटमाळ्यावर जपून ठेवावा.

इथे जाणकार मंडळी मला अडवतात. ‘अहो, इंजिन बदललेली गाडी म्हणजे अस्सल नव्हेच.’ मी त्यांना आपल्या कारखान्यांचा दाखला देतो. १९८५ साली आलेली प्रीमिअर ११८ एनई घ्या. शरीर फियाट १२४चं, इंजिन निसानचं. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा घ्या. शरीर इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं, इंजिन आधी अँबॅसडरचं आणि नंतर जपानच्या इसुझूचं. मद्रासची स्टँडर्ड २००० तर कळसच होती. अंगावर रोव्हरचा झगा आणि आत १९४०च्या दशकात आखलेलं व्हॅनगार्डचं इंजिन. या तिन्ही आपल्याकडच्या श्रीमंती गाड्या. कारखान्याने केलं की ते उत्पादन, आणि वाकोल्याच्या गॅरेजने केलं की ते जुगाड, हा न्याय मला पटत नाही. टंचाईच्या काळात दोघांनीही हाताशी होतं त्यातून गाडी उभी केली.

हा वाद आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. दुसरीकडे नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क वाढत गेलं. आयात केलेल्या मोटारीसाठी एप्रिल २०२२ पासून ते १५,००० वरून ४०,००० रुपये झालं, आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते पुन्हा दुप्पट झालं. यामागे प्रदूषणाचा विचार आहे आणि तो खोटा नाही. जुनं डिझेल इंजिन धूर सोडतं, हे मी रोज बघतो. पण परिणाम असा होतो की, संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, कधी न वापरलेली गाडी वारसा ठरते. आणि दहा मिस्त्रींनी चाळीस वर्षं चालती ठेवलेली गाडी भंगार ठरते. पहिलीत कारखान्याचा इतिहास आहे. दुसरीत आपल्या शहराचा आहे.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. वांद्रे-कुर्ला संकुल वाढत गेलं, तसे आमच्याकडे जागांचे भाव चढले आणि एकेक गॅरेज मिटत गेलं. मिस्त्रींची मुलं आज संगणकाला जोडून दोष वाचणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करतात. चांगलंच आहे ते. पण बोटांनी नळी चाचपणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर पन्नास वर्षांची विद्या जाते.

म्हणून माझी एक छोटी सूचना आहे, तिला पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, मग ती मर्सिडीज असो, फियाट असो की आजोबांची लँब्रेटा, त्यांनी तिच्यासाठी एक वही घालावी. कोणता भाग केव्हा बदलला, कोणत्या गाडीचा बसवला, का बसवला आणि कोणाच्या हातून बसवला, हे तारखेसह लिहावं. मिस्त्रीचं नाव जरूर लिहावं. सरकारी कागदावर या गोष्टींना आज जागा नाही. उद्या कोणी या शहराच्या कारागिरीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला निदान अशा दहा-वीस वह्या मिळाव्यात.